अंगठ्याखालचं पान

डोळा लागतोय असं कळत असतानाच माझा डावा हात गिटारच्या दांड्यावर आवळला जातो. दुपार आहे. संध्याकाळी मेलिताचं लग्न. घरातून निघताना तिला बँड नको, तिच्या बापाची धून हवी, तो एकेक तार छेडून वाजवायचा तशी. ती धून आता फक्त मला येते. येते कसली! उजवी बोटं शिकली, डावा हात मात्र दोन ओळींत दगड होतो.

खाटेच्या कडेला इनासदादा बसलाय. माझा भाऊ, मेलिताचा बाप, गेल्या वर्षी गेलेला. जिवंतपणीही तो मला दुपारचं झोपू द्यायचा नाही. तो म्हणतो, वाजव.

मी वाजवते. खोली नाही, आमचा वसईचा पानमळा आहे. वेलींच्या रांगांतून वऱ्हाडी उभे आहेत, मेलिता पांढऱ्या झग्यात, आणि सगळे माझ्या हाताकडे बघताहेत. बोटं तारांवरून उठत नाहीत. मनगटातून कोपरापर्यंत कळ जाते.

"फिलू, तू पानं खुडतेयस," दादा म्हणतो.

खरंच की. मी डावखुरी. लहानपणापासून डाव्या अंगठ्यावर लोखंडी नखी चढवून विड्याच्या पानांचे देठ तोडले. गिटार दादाची, उजव्या हाताने छेडायची, म्हणून दांडा आला या डाव्या अंगठ्यापुढे. हा मेला अंगठा गिटारलाही वेलच समजतो.

दादा एक पान खुडून दांड्यामागे, माझ्या अंगठ्याखाली सरकवतो. पान चुरगळता कामा नये, म्हणतो. तार खरखरेपर्यंत हलकी दाबायची, मग खरखर जाईल इतकंच जास्त. मी हात सैल करायला जाते आणि लगेच पुन्हा आवळते. आता आम्ही चर्चच्या पायरीवर आहोत. वऱ्हाडी एकेक पायरी वर येताहेत.

"सोडलं तर तू जाशील," मी म्हणते. इतके दिवस मी कशाला घाबरत होते ते मलाही आत्ताच कळतं.

"मी गेलोय, फिलू. धून धर. दाबू नकोस."

मी रडत रडत वाजवते. दुसरी ओळ सरते, तिसरी येते, बोटं उठतात. दादाकडे बघावंसं वाटतं, पण बघितलं तर चुकेन. मी बघत नाही.

"आत्या, गाडी आली."

मेलिता दारात उभी आहे. गिटार माझ्या छातीवर आहे, हात दुखत नाही. अंगठ्याखाली काहीतरी गार लागतं. विड्याचं पान, ओलं, एकही सुरकुती नाही. मळा मोडून वर्षं झाली. देठाला नखीचा ताजा, तिरपा काप आहे.

मेलिता विचारते, जमेल ना? मी अंगठा पानावर तसाच राहू देते आणि पहिली तार छेडते.