कपबशीचा आवाज

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. मशीनखाली चिंध्या आणि मशीनवर किस्से. चिंध्या आठवड्याला झाडून निघतात, किस्से निघत नाहीत. राजारामपुरीतल्या आमच्या दुकानाचे किस्से सांगून मी खूप हशा मिळवला. अलीकडे मात्र एखादा सांगताना मध्येच थांबतो.

पहिला माझाच. आठवीतून शाळा सोडली आणि दस्तगीर मास्तरांच्या दुकानात शिलाईला बसलो. मी भलताच लाजरा. गिऱ्हाईक आलं की मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसायचो, ओवलेला काढून परत. एके दिवशी मास्तरांनी टेप माझ्या गळ्यात घातली आणि एका पैलवानापुढं उभं केलं. छातीभोवती हात पुरेनात, म्हणून मी त्यांना मिठीच मारली. वरून आवाज आला, "पावणं, माप घेताय का डाव टाकताय?"

दुकान हसलं. माझे कान तापले. पण आठवड्याभरात मी गिऱ्हाइकांशी सिनेमावर गप्पा मारत होतो. लाजणं म्हणजे एवढंच, कुणीतरी ढकललं की संपतं, असं माझं ठाम मत झालं.

*

श्रीपती आमचा कटर. राधानगरीकडचा, माझ्याच वयाचा. पडद्यामागं उभा राहून कापायचा, माप घ्यायला कधी बाहेर आला नाही.

एकदा कोटाचं माप लिहिताना मी छाती अडतीसऐवजी चौतीस लिहिली. श्रीपतीनं अडतीसनंच कापला. मास्तर भडकले. गिऱ्हाईक ट्रायलला आलं आणि कोट अंगावर असा बसला, की मास्तरांचा राग जागच्या जागी विरला. श्रीपतीनं त्या माणसाला फक्त पडद्याच्या फटीतून बघितलं होतं. मास्तर म्हणाले, "ह्याच्या डोळ्यातच टेप हाय."

गिऱ्हाइकाला राहवेना. कारागिराला बघू तरी द्या म्हणत त्यानं पडदा सारला. टेबलावर कात्री होती, खडू होता, पंखा फिरत होता. श्रीपती मागच्या दारानं पसार!

तासाभरानं परत आला तेव्हा आमचं हसणं अजून चालूच होतं.

*

चार वाजता समोरच्या हॉटेलातून चहा यायचा. सगळे गोल करून बसायचे. श्रीपतीनं बशी उचलली की तीवरचा कप वाजू लागायचा. कात्री धरताना केसभर न हलणारा हात, पण चारजण बघायला असले की थरथरायचा. मी म्हणालो, "आली बघा वाजंत्री. वरात कुणाची?"

मास्तर हसले. श्रीपतीही हसला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं चहा सोडला. पित्त होतं म्हणाला. त्याच्या वाट्याचा कप मी पिऊ लागलो, आणि त्याच्या पित्ताचे आभारही मानायचो.

*

त्याच्या मावसभावाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. दुकानात आम्ही दोघंच होतो. कापडावर खडू ओढता ओढता तो हळूच म्हणाला, "पंगतीत वाढायला सांगितलंय मला. झोप न्हाय लागत. तुलाबी हुतं का असं?"

"हुतं की. तिथं गेल्यावर जातं."

"जातं?" त्यानं खडू खाली ठेवला. "माझं तर असलं कार्य उरकल्यावरबी महिनाभर डोक्यात चालतंय. कुणाच्या पानात काय सांडलं, कोण काय म्हणालं असंल."

"लेका, लोकांना एवढा येळ हाय व्हय?" असं म्हणून मी त्याच्या पाठीवर थाप मारली. आपण त्याला धीर दिला, असं मला दिवसभर वाटत राहिलं. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

*

खंडेनवमीला आम्ही मशिनींची पूजा करायचो. हार मास्तर स्वतः आणायचे. त्या वर्षी मी कल्पना काढली, श्रीपतीचा सत्कार करायचा. फेटा, शाल, नारळ, माइक, गल्लीत खुर्च्या, सगळी जुनी गिऱ्हाइकं. त्याला आधी कळू द्यायचं नाही, कळलं तर तो येणार नाही. मला ढकललं तसं यालाही एकदा ढकलू, म्हणजे मोकळा होईल. मास्तर तयार नव्हते, त्यांना मीच पटवलं.

नाव पुकारलं. श्रीपती उठेना. लाजतोय म्हणून लोकांनी टाळ्या वाढवल्या. मी पाठीला हात लावून त्याला पुढं नेलं. शर्ट घामानं भिजून पाठीला चिकटला होता. तो ओलावा माझ्या तळहाताला लागला, तरी मी ढकललं.

फेटा बांधून झाला. दोन शब्द बोल म्हणून माइक तोंडाशी धरला. गल्लीभर नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मागनं कुणीतरी म्हणालं, "सायकलीत हवा भरतंय जणू." गल्ली हसली. मीही हसलो.

श्रीपती फेट्यासकट चालता झाला. चपला दुकानापुढं तशाच राहिल्या.

आठवड्यानं त्याचा भाऊ आला. धुऊन घडी केलेला फेटा त्यानं मास्तरांच्या हातात दिला, चपला पिशवीत घातल्या, श्रीपती आता येणार नाही म्हणाला. मी त्याच्यासाठी चहा मागवला. पिता पिता तो सहज बोलून गेला, "आमच्या श्रीपतीला लई आवड चहाची. घरात तांब्याभर पितोय."

*

पुढं एका डॉक्टरांच्या शर्टाचं माप घेताना मी त्यांना माझा पैलवानाचा आणि श्रीपतीच्या सत्काराचा, असे दोन्ही किस्से सांगितले. ते हसले नाहीत. किती दिवस आधीपासून त्याची झोप जायची, नंतर किती दिवस तेच डोक्यात राहायचं, हात फक्त लोकांसमोरच थरथरायचे का, असं एकेक विचारत गेले. प्रत्येकाचं उत्तर मला माहीत होतं.

"तू लाजरा होतास," ते म्हणाले. "ओळख झाली की लाज उतरते. त्याला भीती होती, आणि ती ओळखीच्या माणसांचीसुद्धा. तीही कमी करता येते. पण त्याला विचारून, त्याच्या चालीनं."

त्या शर्टाची छाती मी दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा चुकलो.

*

श्रीपती इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला लागल्याचं कळलं. मी एस.टी.नं गेलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा म्हणून बघितलं.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि कानठळ्याच बसल्या. तिथं कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही. सगळे हातांनी बोलतात. श्रीपती दोन मागांच्या मध्ये उभा राहून लांबच्या माणसाला हातवारे करून काहीतरी सांगत होता. तो माणूस पोट धरून हसत होता. श्रीपती गंमत सांगतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

मी दिसल्यावर त्याचा हात हवेतच थांबला. पाठ केलेलं इथं निरुपयोगी होतं. माफी मागायला मी दोन्ही कान पकडले. त्यानं माझ्या छातीकडं बोट दाखवून बोटांनीच चाळीसचा आकडा केला. माझी छाती खरंच चाळीस झाली होती.

तेवढ्यात लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. श्रीपतीची मान खाली गेली, हात खिशात गेले. आता बोलता आलं असतं. बाजूची माणसं आमच्याकडं बघत होती. मी गप्प उभा राहिलो.

पाच-सात मिनिटांनी लाईट आली. माग धडधडायला लागले. श्रीपतीनं मान वर केली, खिशातून हात काढला आणि अंगठा ओठांकडं नेऊन मला विचारलं, चहा?