नावाड्याच्या गोष्टीची फाटलेली पानं

दिनांक ११ नोव्हेंबर २०२३. फुलवाल्या सुवर्णा काकडने पंचवटीतल्या रद्दीवाल्याला एकशे त्रेपन्न रुपये मोजले आणि फुलांच्या पुड्या बांधायला नऊ किलो रद्दी घेतली. दिवाळीची गर्दी होती. हाताला येईल तो कागद फाडायचा, शेवंती गुंडाळायची, की पुढचं गिऱ्हाईक. एका जाड गठ्ठ्यातली दोन पानं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, हे तर पुस्तक आहे. जपानातल्या जुन्या गोष्टी, इंग्रजीत, जागोजाग रंगीत चित्रं.

दहावीला ती इंग्रजीतच नापास झाली होती. तरी दुपारी गिऱ्हाईक नसलं, की लेकीची जुनी डिक्शनरी मांडीवर घेऊन ती वाचायला बसू लागली.

"काय मास्तरीणबाई," मळ्यातून फुलांचे क्रेट घेऊन आलेला तिचा नवरा खंडेराव म्हणे, "यंदा शेवंती जपानला धाडायची का?"

"तुम्ही क्रेट उतरवा."

पहिलीच गोष्ट नावाड्याची. त्याची बहीण नदीपार गेली, येते म्हणाली. तेरा वर्षं तो रोज सांजेला काठावर थांबला. एकदा धुक्यात पलीकडे कंदील हलला, आणि पुढची दोन पानंच नव्हती. इथवर यायला सुवर्णाला चार महिने लागले होते. फाडलेली पानं हीच.

तिने रोजच्या गिऱ्हाइकांना विचारलं. पुडीचा कागद कोण जपतं? मात्र त्यांच्यातल्याच, कॉलेजच्या लायब्ररीतल्या प्रतिभाताईंनी पुस्तक ओळखलं. "आमच्याकडे आहे हे. अगं, शेवटी ती..."

"नका सांगू, ताई! इथवर मी माझी मी आलेय."

दुसऱ्या दिवशी प्रतिभाताईंनी त्या पानांची झेरॉक्स आणून दिली. सुवर्णा ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. आधी इंग्रजी, मग मराठी. शेजारच्या कोथिंबीरवाल्या मंगलाबाई जुडी बांधता बांधता थांबल्या. खंडेराव क्रेट धरून उभाच.

"आली का गं बहीण?" मंगलाबाईंनी विचारलं.

"मधी बोलाल तर परत पहिल्यापासून वाचीन."

शेवटच्या पानाला डिक्शनरी उघडावीच लागली नाही. कंदील बहिणीच्याच हातात होता.

"आली!" सुवर्णा ओरडली.

"आली गं बया!" मंगलाबाईंनी डोळे पुसले. "आणि तू म्हणं नापास!"

खंडेरावने क्रेट खाली ठेवला. "आता दुसरी कधी?"

त्यानंतर सुवर्णाने पुस्तकातल्या उरलेल्या दहाही गोष्टी संपवल्या. झेरॉक्सचे आठ रुपये प्रतिभाताईंना अजून द्यायचे आहेत.