काड्यांवर जिंकलेली रजा

ज्याला पत्ते कळत नाहीत त्याला हूल देऊ नये, हे मी धाकटी डहाणूच्या बंदरात बोटीवर खलाशी असताना शिकलो. त्यानंतर जे केलं, त्यामुळे आता मोबाइलवर तीन पत्तीची जाहिरात आली तरी किळस येते. पत्त्यांची नाही, माझी.

उधव्याहून एक नवा खलाशी आला होता. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की आम्ही जाळी शिवायचो आणि मधल्या वेळात तीन पत्ती खेळायचो, पैशांऐवजी काडेपेटीतल्या काड्या लावून. हातात काही नसताना मी झोकात काड्या सरकवल्या की बाकीचे मुकाट पत्ते टाकायचे. हा मात्र शेवटपर्यंत बसायचा आणि दुर्रीच्या जोडीवर मला हरवायचा. समोरच्याकडे काय असेल, हा विचारच त्याला शिवत नसे. गाढवापुढे वाचली गीता, असं मी सगळ्यांदेखत म्हणालो. तोही हसला.

मग मी त्याला शिकवायला बसलो. रंग म्हणजे तिन्ही पानं एकाच जातीची, त्याहून मोठी सिक्वेन्स कशी, समोरचा एवढ्या काड्या लावतो तेव्हा त्याच्याकडे काय असू शकतं. त्याला वाटलं, दादा भला माणूस. घरून येताना माझ्यासाठी करटोली घेऊन आला. मी ती मिटक्या मारत खाल्ली.

भादव्यात तांडेलाने, बोटीच्या म्होरक्याने, आम्हा दोघांत मिळून एकच रजा दिली. त्याच्या घरी नवं खायचं होतं. थोरल्या मुलाने नव्या भाताचा घास देवापुढे ठेवल्याशिवाय घरात कोणी त्याला हात लावत नसे, आणि थोरला हाच. म्हातारी आई वाट बघत होती. मला दमणला जायचं होतं, प्यायला. तरी निर्लज्जासारखं मीच म्हणालो, पत्त्यांवर ठरवू. जेवणाची हाक येईल तेव्हा ज्याच्याकडे काड्या जास्त, त्याची रजा.

जास्त त्याच्याकडेच होत्या. तांडेल भाताचं झाकण काढून शीत चेपून बघताना मला दिसला. म्हणजे हाक आता येणारच. नव्या खलाशाची तिकडे पाठ होती. मी उरलेल्या सगळ्या काड्या पुढे सरकवल्या. हातात राजा, सत्ती, तिर्री, म्हणजे काहीच नाही. त्याने पहिल्यांदाच पत्त्यांवरून नजर काढून माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पत्ते टाकले.

तेवढ्यात हाक आली. माझ्याकडे दोन काड्या जास्त भरल्या. त्याने आपली पानं उलटून दाखवली, तिन्ही बदाम.

"बराबर केला ना, दादा? तूच शिकवला."

"बरोबर केलंस," मी म्हणालो, आणि दमणला गेलो.