थोरल्या साडूंचं आभारप्रदर्शन

आभारप्रदर्शन हाच कोणत्याही कार्यक्रमाचा गाभा असतो आणि बाकीचा कार्यक्रम त्याची पूर्वतयारी म्हणून केलेला असतो, असं प्रामाणिकपणे मानणारा माणूस आख्ख्या भूतलावर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, म्हणून आमच्याकडे त्यांना ‘थोरले साडू’ म्हणतात. समोर मी त्यांना दादा म्हणतो. मूळचे तापीकाठचे, खानदेशातले. तरुणपणी धाग्याच्या कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून सिल्वासाजवळच्या मसाटला आले आणि सिल्वासाचेच होऊन गेले. मी पुष्कळ नंतर नाशिकहून इथे आलो, तोही त्यांच्याच शब्दावर. आलो त्या संध्याकाळी ते मला बसस्टँडवर घ्यायला आले होते. माझी बॅग घेण्याआधी ते बसच्या ड्रायव्हरकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, “आमचा माणूस नीट आणलात भाऊ, लई उपकार.” ड्रायव्हर घाबरला. आपल्या हातून वाटेत काहीतरी घडलंय आणि हा माणूस उपरोधानं बोलतोय, असा त्याचा समज झाला असावा.

असे घाबरलेले लोक मी नंतर खूप पाहिले. भाजीवाली कोथिंबीर देते तेव्हा साडू तिचे आभार मानतात, मग ती कोथिंबीर जिनं पिकवली त्या तिच्या जावेचे आभार निरोपादाखल पाठवतात. भाजीवाली त्यांना ओळखून आहे. “काका, आभार पछी. पहेलां थेली पकडो,” म्हणून ती पिशवी त्यांच्या हातात कोंबते, कारण आभाराच्या भरात साडू भाजी तिथेच विसरून जातात. शिफ्ट संपली की ते आपल्या मशीनवर हात ठेवून पुटपुटतात. पाटण्याकडचा त्यांचा जोडीदार सुरुवातीला समजायचा, की हे मंत्र म्हणतात. तोही पाया पडून घ्यायचा.

आमच्या मराठी मंडळींचा गणपती असो की हळदीकुंकू, शेवटी साडू उठतातच. त्यांना कुणी सांगावं लागत नाही आणि कुणी थांबवू शकत नाही. अध्यक्ष, पाहुणे, मांडववाला, माईकवाला, सतरंज्या घालणारे, सतरंज्या गोळा करणारे, ‘ज्यांनी आपली मोटारसायकल हसतमुखानं बाजूला घेतली ते जोशीसाहेब’, ‘ज्यांची लहान मुलं रडली नाहीत त्या सर्व माता’. तोवर मागच्या रांगा जेवणाकडे सरकलेल्या असतात. त्या पाठमोऱ्या लोकांचेही ते आभार मानतात, जेवणाची रांग शिस्तीत लावल्याबद्दल. एकदा तर एका शेजाऱ्याच्या तेराव्याला ते उभे राहिले. आचाऱ्यापासून सुरुवात करून ते म्हणाले, “आणि शेवटी, ज्यांच्यामुळे आज आपण सगळे एका ठिकाणी बसून जेवलो, त्या काकांचे.” क्षणभर कुणाला हसावं की रागवावं ते कळेना. मग गेलेल्या माणसाचा म्हातारा भाऊ डोळे पुसत म्हणाला, “खरंय बाबा. त्याला पंगत फार आवडायची.”

त्यांचं दुसरं वेड दिवाळी संपली की सुरू व्हायचं. कारखान्यात धागा ज्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळतात, त्यातल्या चेपलेल्या नळ्या आणि गुंता झालेला रंगीत धागा भंगारात जातो. साडू तो रीतसर विचारून घरी आणत. किलवणी गावाच्या वाटेवर शेतांतलं भात कापून झालेलं असायचं, पेंढ्याच्या गंज्या उभ्या राहिलेल्या, सकाळी दमणगंगेवरून धुकं वर चढून पार चाळीपर्यंत यायचं. त्या दिवसांत साडूंच्या बैठ्या चाळीच्या अंगणात नळ्यांचा ढीग पडायचा. त्यातून चपलांचा स्टँड निघाला, त्यात फक्त लहान मुलांच्या चपला मावत. पाखरांसाठी घर निघालं, त्यात पाल राहायला आली. “आली ना कुणीतरी?” साडू म्हणाले. आणि कंदील निघायचे. दिवाळी सरल्यावर, लोक आपापले कंदील उतरवून माळ्यावर टाकत, तेव्हा ह्यांचे नवे कंदील चाळीभर चढत.

“दादा, उशीर झाला नाही का?” मी पहिल्या वर्षी विचारलं.

“दिवाळीत काय, सगळं गाव लावतं,” ते म्हणाले. “दिवाळी गेली का मंग जो अंधार पडतो ना साडूभाऊ, तो जास्ती वाटतो. तेव्हा कोन लावतं?”

गाव सोडून आलेल्या माणसाला हा अंधार माहीत असतो. चार दिवसांच्या सुट्टीनंतर गाडी सिल्वासात सोडते, खोलीचं कुलूप उघडावं लागतं, आणि आत कुणाचाही आवाज नसतो.

जगातल्या सर्वांचे आभार मानणारे आमचे साडू एका माणसाचे आभार मात्र कधी मानत नसत. ती म्हणजे ताई, त्यांची बायको. पहाटेच्या पाळीचा डबा, रात्रपाळीचा डबा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, मुलीचं शिक्षण, मुलीचं लग्न, सगळं त्या माउलीनं ओढलं. माझ्या बायकोनं एकदा त्यांना धरलंच. “भाऊजी, जगाला थँक्यू म्हणता. आमच्या ताईला कधी म्हणणार?”

साडू गडबडले. “घरच्या मान्साचे आभार मानले तर ते परकं केल्यावानी होतं.”

ताई भाकरी थापत होती. मागे न वळता ती म्हणाली, “नकोच. ह्यांची यादी संपून माझा नंबर येईस्तोवर भाकरी करपेल.” आम्ही सगळे हसलो. साडूही हसले.

गेल्याच्या गेल्या वर्षी दसरा झाला आणि त्यानंतर एका सकाळी ताईला लकवा झाला. साडू रात्रपाळी करून घरी आले होते, तोंड धूत होते. स्वयंपाकघरात परात पडल्याचा आवाज आला. ते आत गेले तेव्हा ताई ओट्याला टेकून बसली होती. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि ती डाव्या हातानं उजवा हात उचलून पाहत होती, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. मी पोचलो तोवर अँब्युलन्स आली होती. हॉस्पिटलात साडूंचं तोंड थांबत नव्हतं. स्ट्रेचर ढकलणाऱ्याला थँक्यू, लादी पुसणाऱ्या बाईंना थँक्यू, सलाईन लावणाऱ्या नर्सला हात जोडून. मला तेव्हा वाटलं, हा माणूस आभार मानत नाहीये, विनवण्या करतोय.

मग डॉक्टरांनी आम्हांला खुर्चीवर बसवून सांगितलं, की धोका टळलाय, त्यांना समजतं सगळं. पण उजवी बाजू कितपत सुधारेल आणि बोलता येईल की नाही, ते आज सांगता येणार नाही. साडू उठले आणि एकही शब्द न बोलता बाहेर गेले. डॉक्टरांचे आभार मी मानले.

त्यानंतर ते कुणाला काही म्हणेनासे झाले. दिवाळीच्या आधी ताईला घरी आणलं. मुलगी धुळ्याहून आली, राहिली, पण तिचं बाळ लहान, तिला परत जावं लागलं. साडूंनी रजा टाकली. ताईला न्हाऊ घालणं, भरवणं, वेणी घालणं, सगळं ते मुक्यानं करत. भाजीवालीनं माझ्या बायकोला विचारलं, “काका नाराज छे के शुं?” नाराज नव्हते. त्यांच्या आतलं काहीतरी बंद पडलं होतं.

एका संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो, तेव्हा ते बाहेर पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, “साडूभाऊ, आख्ख्या जगाला म्हनत फिरलो. हिला म्हनायचं ऱ्हायलं.”

“मग आता म्हणा ना दादा. त्यांना समजतं सगळं.”

“तेच तर,” ते म्हणाले. “समजतं. आता म्हनलो तर तिला वाटंल, हा माझा निरोप घेऊन ऱ्हायला.”



त्या चाळीत तुळशीचं लग्न सामाईक अंगणात लागतं आणि तुळशीपुढची रांगोळी ताईची असायची. दुसऱ्या कुणी काढावी असं कुणाच्या मनातही येत नसे. दिवाळी झाल्यावर शेजारणी अंगणात लग्नाचं बोलू लागल्या. दाराशी खुर्चीत बसलेली ताई ते ऐकत होती. तिनं डाव्या हातानं उजवा हात मांडीवरून उचलून बघितला आणि परत ठेवून दिला. साडूंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी अंगणात नळ्या दिसल्या.

त्यांच्या डोक्यात असं होतं, की ताईला खाली बसता येत नाही, वाकता येत नाही, तर रांगोळीच जमिनीपर्यंत पोचवायची. खुर्चीत बसून हातात धरता येईल अशी लांब नळी, वर रांगोळी ओतायला तोंड, खाली बारीक भोक. पहिल्या नळीतून रांगोळी भसकन सांडली. दुसरीतून येईचना. तिसरी त्यांनी ताईच्या डाव्या हाताला कापडानं बांधून दिली. तिनं एक रेघ ओढली, ती रेघ भलतीकडे गेली, आणि ताईनं नळी झटकून भिंतीवर फेकली. मग ती रडली. तिचं ते बिनशब्दांचं रडणं चाळीत सगळ्यांना ऐकू गेलं. साडू अंगणात सांडलेली रांगोळी गोळा करत बसले. मी म्हणालो, “दादा, राहू द्या. त्यांना त्रास होतोय.” ते म्हणाले, “राग आला ना तिला? राग येतो म्हंजे आतून ती आहे.”

पुढची नळी त्यांनी मऊ धाग्यानं जाड गुंडाळली, पिवळ्या आणि जांभळ्या, म्हणजे मुठीत धरायला सोपी जावी. खालच्या तोंडाला बाटलीचं बूच बसवून त्याला बारीक भोक पाडलं. ती नळी त्यांनी ताईच्या हातात दिली नाही. खुर्चीला टेकवून ठेवली आणि आपण भांडी घासायला गेले. बाहेर आले तेव्हा नळी ताईच्या डाव्या हातात होती आणि फरशीवर वेडावाकडा गोल उमटला होता.

लग्नाच्या संध्याकाळी तिची खुर्ची तुळशीपुढे मांडली. मी आणि साडू खुर्ची थोडी थोडी सरकवत होतो आणि ती काढत होती. ठिपके मोजून मांडणारी, एक रेघ चुकली तर सगळं पुसणारी ताई. तिची ती रांगोळी पहिलीतल्या मुलीनं काढल्यासारखी दिसत होती. कमळाच्या पाकळ्या एकीवर एक चढल्या होत्या. उन्हं गेली, दिवे लागले, ऊस बांधून झाला, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखले, पण मंगलाष्टकं कुणी सुरू केली नाहीत. शेवटची पाकळी झाली तेव्हा समोरच्या गुजराती बेन पुढे होऊन “बहु सरस, बेन” म्हणाल्या. ताईनं मान हलवली. सरस नव्हती, हे तिलाच सगळ्यांत जास्त कळत होतं. पण तिनं नळी खाली ठेवली नाही.

लग्न लागलं. बोरं, आवळे, चुरमुरे वाटून झाले. आणि मग कुणीतरी हळूच म्हणालं, “काका, आभार ऱ्हायले.”

साडू उभे राहिले. दर वेळी पळणारे लोक त्या दिवशी जागचे हलले नाहीत. त्यांनी हात जोडले. ऊस आणणाऱ्याचे आभार मानले, भटजी मिळाले नाहीत म्हणून स्वतः मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मास्तरांचे मानले, ताईसाठी आळीपाळीनं वरणभात पाठवणाऱ्या बायकांचे एकेकीकडे बघून मानले. आवाज नीट होता. मग ते ताईकडे वळले. “आणि हिचे…” म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, “हिचे…” शब्द येईना.

ताई त्यांच्याकडे बघत होती. तिच्या ओठांची ती वाकडी हालचाल आम्ही रोज बघत होतो, त्यातून आजवर नुसता आवाज आला होता. तिनं श्वास घेतला आणि स्पष्ट म्हणाली, “पुरे.”

आधी माझ्या बायकोला हसू फुटलं, मग सगळं अंगण हसलं. साडू हसता हसता खाली बसले ते ताईच्या खुर्चीपाशीच, आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवून लहान पोरासारखे रडले. तिचा डावा हात रांगोळीनं पांढरा झालेला होता. तोच तिनं त्यांच्या डोक्यावर ठेवला.

त्यानंतर चमत्कार वगैरे काही झाला नाही. शब्द येत गेले, पण मोजके. ‘चहा’ आला, ‘हो’ आला, माझ्या बायकोचं लाडाचं नाव आलं. ‘अहो’ हा शब्द मात्र कुठे हरवला तो हरवलाच. त्याच्या जागी साडूंचं नाव आलं, जे तिनं सबंध संसारात उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं, तेही सरळ एकेरीत. पहिल्यांदा तिनं तशी हाक मारली तेव्हा साडू इतके खूश झाले, की ऐकू येऊनही ओ देईनात, म्हणजे ती पुन्हा मारेल. आता चाळीतल्या सगळ्यांना त्यांचं नाव पाठ झालंय. ताई काठी धरून दारापर्यंत येते. उजवा हात तसाच आहे.

ह्या वर्षअखेरीला साडू निवृत्त होतायत. मग दोघं तापीकाठच्या गावी जाणार, असं ठरलंय. मुलीला तिथून जवळ पडेल. बरोबरच आहे. मी त्यांना तसं म्हणतोही.

सध्या रविवारी दुपारनंतर मी त्यांच्याकडे जातो. कार्तिक सरत आलाय, उन्हं कलली की सावलीत गार लागतं. अंगणात ताईची खाट टाकलेली असते. ती मांडीत सूप घेऊन डाव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलते, त्यातले थोडे दाणे खाली पडतात. साडू तिच्याशी कशाबद्दल तरी बोलत असतात, ती ऐकत असते. समोरच्या घराची सावली हळूहळू पुढे येते आणि खाटेच्या पायाला लागते. मग साडू बोलणं अर्धवट सोडून उठतात, मला म्हणतात, “जरा धरा हो साडूभाऊ,” आणि आम्ही दोघं ताईसकट ती खाट उचलून उन्हात नेतो. बसतो. सावली पुन्हा येते. आम्ही पुन्हा उठतो. संध्याकाळ होता होता अंगणाची भिंत येते, तिच्यापुढे खाट नेता येत नाही. तरी आम्ही बसून राहतो, ऊन ताईच्या पायांवरून उतरेपर्यंत.