मदतीचं पान आणि बघायला आलेला मुलगा

हैदराबादेतल्या आमच्या काचीगुड्याच्या मराठी मंडळाचा मी चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे ज्याला बैठकीत नाही म्हणता आलं नाही असा सभासद. त्या वर्षी हळदीकुंकवाची निमंत्रणं घरच्या कॉम्प्युटरवर छापायची टूम मीच काढली. देशात तेव्हा सगळंच खुलं होत चाललं होतं. गल्लीत केबल आली होती, एसटीडी बूथवाल्याने आतल्या बाजूला इंटरनेटचं दुकान थाटलं होतं, आणि आमच्या हॉलमध्ये लेकीच्या कंपनीने मोडीत काढलेला कॉम्प्युटर विणलेलं झाकण पांघरून बसला होता. लेक सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. तिच्या आईने तेच काम आयुष्यभर बिनपगारी केलं.

कॉम्प्युटरमधलं सगळं सॉफ्टवेअर मुक्त होतं. कुणीही वापरावं, कुणीही बदलावं. ते कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं, असं लेक म्हणायची. मंडळाच्या एका सभासदाने पुण्याहून निमंत्रणाचा मजकूर ई-मेलने धाडला. उघडला, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोनी डबे! स्वयंपाकघराच्या फळीवर लावून ठेवावेत तसे, ओळीने.

लेकीला विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण लेकीला विचारणं म्हणजे बायकोला कळणं. म्हणून हे सॉफ्टवेअर मराठीत आणणाऱ्या हौशी मंडळींचा ई-मेलवर एक गट होता, तिथे मी रीतसर, नमस्कार वगैरे लिहून विचारलं. दुसऱ्या दिवशी कुणा टोपणनावाच्या गृहस्थाचं उत्तर आलं: ‘हे मदतीच्या पानावर लिहिलेलं आहे. विचारण्याआधी वाचायची सवय लावून घ्या.’

वाचलं. पानावर होतं, ‘डबे दिसत असतील तर मराठी अक्षरांचा फाँट फक्त नेहमीच्या ठिकाणी टाका.’ मी ते मोठ्याने वाचलं ही चूक झाली. बायको आतून म्हणाली, “लग्न झाल्यापासून या घरात नेहमीच्या ठिकाणी ठेवलेली एक वस्तू तुम्हाला सापडली नाहीये. नक्को तो फंद.”

त्या रविवारी लेकीला बघायला मंडळी यायची होती. मुलगा मूळचा पुण्याचा, नोकरीला इथेच, सॉफ्टवेअरमध्ये. याआधीची स्थळं लेकीने फोटोवरूनच परत धाडली होती. या मुलाशी मात्र ती फोनवर बराच वेळ बोलली होती, आणि रविवारची साडी तिने स्वतः काढली. बायकोने मला बजावलं, “पोरीला मनातून हे स्थळ हवंय. तुम्ही कमी बोला.”

मंडळी म्हणजे मुलगा आणि त्याच्याजवळ राहणारी त्याची आई. बायकोने सुशीला केला होता. तो भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा असतो हे मुलाच्या आईला समजावण्यात पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग मुलाची नजर कॉम्प्युटरवर गेली. निमंत्रणाचे डबे पडद्यावर तसेच होते.

“अरे वा, मुक्त सॉफ्टवेअर!” तो खूश झाला. “आणि हे डबे! परवाच आमच्या गटात कुणीतरी विचारत होतं. मदतीचं पान मी स्वतः लिहिलंय, काका, पण लोक वाचतच नाहीत.”

चुरमुरा माझ्या घशात अडकला.

“मग तुम्ही काय उत्तर दिलंत?” लेकीने विचारलं.

“वाचायची सवय लावा म्हटलं,” तो हसत म्हणाला.

लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खोकत होतो, कानापर्यंत लाल. “ते कुणीतरी हे,” ती म्हणाली.

मुलाची आई सावकाश मुलाकडे वळली. “तू यांना वाचता येत नाही म्हणालास?”

“आई, मला काय माहीत ते हे होते!”

“हे नसते तर चाललं असतं का?” लेक म्हणाली. बायकोने कपाळाला हात लावला. तिच्या लेखी स्थळ गेलं होतं.

पण लेक उठून गेली नाही. तिने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, पडद्यावर मदतीचं पान उघडलं आणि मुलाला शेजारची खुर्ची दिली. “बाबा पान वाचून करतील. तुम्ही बोलायचं नाही, हात लावायचा नाही. आमच्या ऑफिसात असंच तपासतात.”

“ठीक आहे,” तो म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, सोपं आहे.

मी सुरुवात केली. मी चुकीच्या जागी टिचकी मारली की तो श्वास रोखून धरी. तीनदा त्याचा हात माऊसकडे गेला, तीनदा त्याच्या आईने तो चापट मारून मागे घेतला. ‘नेहमीच्या ठिकाणी’पाशी मी थांबलो आणि हात मांडीवर ठेवून बसलो. नाटक नव्हतं ते. मला खरंच पुढे काही सुचेना.

त्याला राहवलं नाही. “काका, ते ठिकाण सगळ्यांना माहीत असतं...”

“सगळ्यांना म्हणजे कुणाला?” लेक.

त्याने खरोखर विचार केला. “आम्हा पानं लिहिणाऱ्या चौघांना,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

त्याची आई अशी हसली, की बायकोलाही हसावं लागलं. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, “काका, इथे काय लिहिलं असतं तर तुम्हाला जमलं असतं?”

नोकरीत आणि संसारात मिळून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “आधी काय उघडायचं ते सांगा. मग उघडल्यावर काय दिसेल ते सांगा, म्हणजे बरोबर घरात शिरलोय की शेजाऱ्याच्या, ते कळेल.” त्याने पानावरचं वाक्य खोडून तसं लिहिलं. मी वाचलं, केलं, आणि डब्यांची अक्षरं झाली. आम्ही दोघांनी एकदमच आरोळी ठोकली.

मंडळी गेल्यावर बायकोने विचारलं, “काय कळवायचं?”

“एकच पान झालंय, आई. पुढच्या रविवारी बोलाव.”

“हौ, अन् लोकांना काय सांगू? जावई तपासायला ठेवलाय?”

असे बरेच रविवार गेले. तो येई, मी अडे, तो गप्प बसे, मग लिही. त्याची आईही येऊ लागली. मी दमलो की ती खुर्चीत बसे आणि माझ्यापेक्षा नव्या जागी अडून दाखवी. गटातही त्याची उत्तरं बदलली. कुणी तेच तेच विचारलं तर तो आता लिही, ‘कुठल्या ओळीपर्यंत जमलं?’

छपाईच्या पानावर आलो तेव्हा त्याने एक ओळ घातली होती. ती तांत्रिक नव्हती: ‘इथे बहुतेक सगळे अडतात. तुम्ही अडलात तर चूक पानाची आहे, आम्हाला कळवा.’ लेक माझ्या खांद्यावरून वाचत होती. वाचून झालं तरी ती तिथेच उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि आईशी हळू आवाजात काहीतरी बोलली. आतून बायकोचा रडवेला, हसरा आवाज आला. मुलगा ताडकन उभा राहिला, परत बसला आणि उगाच कीबोर्ड सरळ करू लागला.

मला मात्र कुणी काही सांगितलं नाही. मी टेबलाखाली वाकून प्रिंटरची वायर शोधत होतो.