पप्पांचा भत्ता आणि माझी जिलबी

पाइपच्या कंपनीतली नोकरी गेल्यापासून पप्पांना बेकारीचा भत्ता मिळतोय. आज माझ्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आम्ही जळगावच्या तहसील कार्यालयात गेलो.

साहेबांनी विचारलं, "सध्या उत्पन्न किती?"

मी पटकन म्हणाले, "काहीच नाही."

"असं कसं? भत्ता शे ना!" पप्पा मध्येच बोलले. "तो बी धरा, भाऊ."

साहेबांनी धरला.

बाहेर आल्यावर मी चिडलेच. "उत्पन्न जास्त दिसलं तर शिष्यवृत्ती जाईल ना, पप्पा!"

"पगार झाला की मी घरी जिलबी आणायचो. भत्ता आला तेव्हा बी आणली. मग उत्पन्न नाही कसं म्हणू?"

मंडळी, तुम्हीच सांगा, या माणसाशी काय भांडू? त्या दिवशी सगळ्यात जास्त जिलबी मीच खाल्ली होती.