पेणहून आणलेला नट

रोह्याहून गाडीत बसले तेव्हा नवऱ्याचं बोलणं डोक्यात घुमत होतं, "आणायचा तर आण, पण हॉलमध्ये ठेवायचा नाही." मी पेणला निघाले होते एका ब्रिटिश नटाचा अर्धपुतळा आणायला. गेल्या महिन्यात तो वारला आणि मी दोन दिवस धड जेवले नाही. घरात सगळे हसले. हसोत बापडे.

हा नट कधी नायक झाला नाही. मालिकांमध्ये कुठे पोस्टमास्तर, कुठे थकलेला फौजदार. बोलणारे नट पुष्कळ, हा ऐकायचा. समोरचा खोटं बोलू लागला की याची जन्माची ओघळलेली डावी पापणी जराशी वर यायची, आणि मला कळायचं, आता समोरच्याची धडगत नाही. पडद्याखालची अक्षरं वाचत, निम्मं इंग्रजी अंदाजाने समजून घेत मी त्याच्या सगळ्या मालिका पाहिल्या, काही तीनतीनदा.

नागोठण्याला गाडी अर्धा तास रखडली. पेणला उतरून आधी मिसळ खाल्ली, मग पोह्याच्या पापडांचा पुडा घेतला. पेणहून पापड न घेता येणं मला जमत नाही.

कारखान्यात दोन्ही बाजूंना बिनरंगी गणपतींच्या रांगा. मालक दत्ताकाकांना मी फोटो आधीच पाठवले होते. त्यांनी कागद बाजूला करून पुतळा दाखवला. नाक तेच, हनुवटी तीच, टक्कलही तेच. पण डोळे! दोन्ही टपोरे, सारखे, प्रसन्न. माझा फौजदार चक्क आशीर्वाद देत होता.

"काका, हे डोळे त्याचे नाहीत."

"ताई, फोटोत एक डोला बारीक व्हता, तो मी सुधारला," काका म्हणाले. "डोल्यात फरक ऱ्हायला तर गिऱ्हाईक मूर्ती घेत नाय."

"ही मूर्ती नाय, माणूस हाय. पापणी खाली आणा, नाहीतर मी नेणार नाही."

"कारखान्याचं नाव जाईल ना ओ!"

मी फोनवर त्याचा एक प्रसंग लावला. आखणी (मूर्तीचे डोळे रंगवणं) करणाऱ्या दोघीजणी ब्रश ठेवून आल्या. पडद्यावर एक बाई खोटं सांगत होती, हा नुसता बसला होता. पापणी हलली.

"समाजलं त्याला!" एकजण ओरडली. "काय बोलला पन नाय गो!"

काकांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग अंगाचा रंग कालवला आणि डावी पापणी खाली उतरवली. मला एकदम रडूच आलं.

परतीच्या गाडीत पुतळा मांडीवर होता. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "कोन गो ह्यो? तुजा बापूस?"

"नाय, माझ्या आवडीचा नट."

"मंग नीट धर."

रोहा येईपर्यंत विचार करत होते. आमच्या हॉलमध्ये सासऱ्यांचा फोटो आहे, नवऱ्याच्या कंपनीची सन्मानचिन्हं आहेत, मुलाचे कप आहेत. अठ्ठावीस वर्षं मी ते पुसते आहे. मला स्वतःला आवडलेली एकही वस्तू तिथे नाही. मग परवानगी मागायची ती कसली?

घरी पोहोचल्यावर टीव्हीशेजारचं सन्मानचिन्ह मी वीतभर सरकवलं आणि नटाला जागा करून दिली.

नवरा बघतच राहिला. "पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं?"

"तुम्ही काही सांगू नका," मी म्हटलं. "मला हाक मारा."